भंगारात देण्याआधी पेनड्राइव्ह लावून पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची जादा मुदत देऊ केली, पण त्या मुदतीनंतर काय, याचे कंपनीकडचे उत्तर विंडोज ११ हेच आहे. विंडोज ११ च्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, अनोळखी प्रणालीला चालू होताना अडवणारे सिक्युअर बूट जमायला हवे आणि प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आलेल्या प्रोसेसरपासून सुरू होते. त्याआधीचा आय-५ कितीही ठणठणीत असला तरी तो यादीबाहेर. १३ तारखेला कामाचा असलेला कॉम्प्युटर १४ तारखेला जुना ठरला आणि मधल्या रात्रीत त्याच्या आतला एक स्क्रूही ढिला झालेला नव्हता. कॉम्प्युटर ‘गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा असेच घडलेले असते. निकाल डिस्कवरच्या सॉफ्टवेअरचा लागतो आणि तो यंत्राच्या माथी मारला जातो. हे दोन्ही वेगळे काढून तपासायची एक जवळजवळ बिनखर्ची रीत आहे, ती म्हणजे कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून चालू करणे. बरेच लोक याकडे जुन्या यंत्राला जिवंत करणारा तोडगा म्हणून पाहतात. माझ्या मते ही आधी तपासणी आहे. तोडगा निघालाच तर तो नंतर.

ही तपासणी विश्वासार्ह का, हे कळायला बटण दाबल्यावर काय होते ते पाहावे लागेल. कॉम्प्युटरला विंडोज माहीत नसते. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, साधारण २०१२ नंतरच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली. हा प्रोग्राम आधी रॅम, कीबोर्ड, स्क्रीन जागेवर आहेत का ते बघतो आणि मग ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका साधनाकडे जातो. बायोस त्या साधनाचे पहिले ५१२ बाइट वाचतो, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का ते पाहतो आणि असली तर पुढचा कारभार तिथल्या सूचनांवर सोपवून मोकळा होतो. यूईएफआय थोडा शहाणा आहे. तो फॅट पद्धतीने मांडलेल्या भागात ठरावीक नावाची फाइल शोधतो. दोघांच्याही लेखी रांगेत पहिला उभा आहे तो कोण, विंडोज की आणखी कोणी, याला महत्त्व नाही. तिथे डिस्कच्या आधी पेनड्राइव्ह उभा केला की संपूर्ण वेगळी कार्यप्रणाली चालू होते आणि डिस्क बाजूला स्वस्थ पडून राहते.

पेनड्राइव्हवर सहसा लिनक्सची ‘लाइव्ह’ आवृत्ती असते. ही कल्पना पेनड्राइव्हपेक्षा सीडीच्या काळातली. जर्मनीतल्या क्लाउस नॉपर यांनी २००० मध्ये नॉपिक्स काढले, तेव्हा सीडीवरून संपूर्ण लिनक्स काहीही इन्स्टॉल न करता चालते हे लोकांनी पाहिले. सगळी कार्यप्रणाली दाबून एका फाइलमध्ये भरलेली असते, ती फक्त वाचली जाते, आणि तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात. बटण बंद केले की बदल गेले. म्हणून ही तपासणी निरुपद्रवी आहे. ‘इन्स्टॉल’वर क्लिक करत नाही आणि आपण होऊन डिस्कवर काही लिहीत वा पुसत नाही तोवर डिस्कवरचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प यांना धक्का लागत नाही.

आता निकाल कसा वाचायचा ते पाहू, कारण खरा उपयोग इथेच आहे. विंडोजमध्ये दहा मिनिटे घरघरणारा कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरळीत चालला, तर प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, स्क्रीन बहुधा धडधाकट आहेत आणि संशय दोघांवरच उरतो, डिस्कवर किंवा तिच्यावरच्या विंडोजवर. लाइव्ह लिनक्समध्ये डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्राम सहसा असतो. बाद झालेल्या जागांचा आकडा तिथे वाढलेला दिसला तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असे समजावे आणि पहिले काम म्हणून तिच्यावरचे सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे. डिस्क ठीक असेल, पण फिरत्या तबकड्यांची जुनी असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही. याउलट पेनड्राइव्हवरूनही यंत्र मध्येच अडकत असेल, आपोआप बंद पडत असेल, तर नव्याने विंडोज टाकून काही साधणार नाही. बहुधा रॅमची पट्टी सैल किंवा खराब आहे, किंवा पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापतो आहे. रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम पुष्कळ लाइव्ह पेनड्राइव्हच्या पहिल्याच यादीत मिळतो. त्याला रात्रभर चालू द्यावे. आणखी एक फसवा आजार आहे. सगळे चालते, पण कोणतीही वेबसाइट उघडली की ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपला की कॉम्प्युटर दर वेळी कित्येक वर्षे मागच्या तारखेत जागा होतो आणि त्या तारखेला वेबसाइटचे प्रमाणपत्र वैध ठरत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलून मिटणाऱ्या या दुखण्यापायी ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून यंत्रे कोपऱ्यात जातात. दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ हे एकच औषध या सगळ्या दुखण्यांवर सर्रास दिले जाते, ते याच तपासणीअभावी.

पेनड्राइव्ह तयार करणे अवघड नाही, पण एक चूक हमखास होते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रणालीची एकसंध प्रत, नुसती कॉपी करून भागत नाही, कारण बायोस शोधतो ती सुरुवातीची मांडणी कॉपी करण्याने तयार होत नाही. त्यासाठी रुफस किंवा एचरसारखा प्रोग्राम लागतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा पुरतो, मात्र त्यावर आधी असलेले सगळे पुसले जाते. व्हेंटॉय नावाचा प्रोग्राम एकदा बसवला तर पुढे आयएसओ फाइली खरोखर नुसत्या कॉपी करता येतात आणि एका पेनड्राइव्हवर दोन-चार कार्यप्रणाली ठेवता येतात. मग चालू होतानाच यादीची कळ दाबायची. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा एस्केप. कळ दाबूनही थेट विंडोजच उघडत असेल तर दोष तुमच्या बोटांचा नसतो. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे अर्धी झोप असते, त्यामुळे विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ देऊन कळ दाबावी. सिक्युअर बूट आड येत असेल तर ते तात्पुरते बंद करता येते, पण डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला परक्या होतात.

खरी कसोटी लागते ती २००५ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या यंत्रांवर. त्यांना यूएसबीची भोके असतात, विंडोज एक्सपीत पेनड्राइव्ह व्यवस्थित उघडतो, पण बायोसच्या यादीत यूएसबीचे नावच नसते. कारण त्या बायोसला यूएसबीवरून वाचणे शिकवलेले नसते. एक्सपीला ते येते, कारण एक्सपी स्वतःचा ड्रायव्हर घेऊन आलेली असते. यावरचा इलाज मला फार आवडतो. प्लॉप नावाचा छोटासा बूट मॅनेजर सीडीवर किंवा फ्लॉपीवर टाकायचा. बायोस आपल्याला माहीत असलेल्या सीडीवरून तो उचलतो, आणि प्लॉप स्वतःच्या यूएसबी ड्रायव्हरने पेनड्राइव्ह वाचून पुढची गाडी हाकतो. इतक्या जुन्या यंत्राबाबतही ‘याला जमत नाही’ हे वाक्य यंत्राविषयी नसून त्याच्या एका चिपमधल्या मजकुराविषयी होते, हे इथे उघड दिसते. अर्थात वाट सापडली म्हणून वेग सापडत नाही. भोके यूएसबी १.१ ची असतील तर सेकंदाला जेमतेम १ एमबी येते; ७०० एमबीची प्रणाली वाचायला दहा मिनिटांहून अधिक लागणार. यूएसबी २.० वर तेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते.

यावर जाणकार लगेच विचारतील की लिनक्सवाले तरी जुन्यांना कुठे सांभाळतात? प्रश्न रास्त आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतले ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर, आणि २०१२ च्या डिसेंबरात त्याच ३८६ चा आधार लिनक्सच्या गाभ्यातून काढून टाकण्यात आला. उबुंटूने ३२-बिट कॉम्प्युटरसाठीच्या आवृत्त्या काही वर्षांपूर्वीच बंद केल्या. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलर दिला नाही. म्हणजे अमर कोणीच नाही. तरीही दोन निर्णयांत अंतर आहे. लिनक्सने सोडलेले यंत्र वीस-पंचवीस वर्षांचे असते, विंडोज ११ ने नाकारलेले आठ-दहा वर्षांचे. २००८ चा कोअर टू ड्युओसुद्धा ६४-बिट आहे, आणि त्यावर लिनक्स मिंट किंवा एमएक्स लिनक्सची हलकी आवृत्ती आज चालते. ३२-बिट यंत्रांची वाट अरुंद होत चालली आहे, हे मात्र मान्य केलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप वेगाचा आहे, आणि तो अर्धा खरा आहे. पेनड्राइव्हवरून चालवलेली प्रणाली डिस्कवरच्या प्रणालीपेक्षा मंद वाटते, कारण बारीकसारीक फाइली लिहिण्यात पेनड्राइव्ह कच्चा असतो आणि सततच्या लेखनाने झिजतोही. म्हणून त्यावर कायमचे बिऱ्हाड करू नये. तपासणी पार पडली की डिस्कवर इन्स्टॉल करावे. शिवाय हल्ली रॅम खाते ती कार्यप्रणाली नव्हे, ब्राउझर. २ जीबी रॅममध्ये पत्रे लिहिणे, पीडीएफ वाचणे, गाणी ऐकणे निभते, पण आठ-दहा टॅब उघडले की यंत्र धापा टाकते. ४ जीबी असेल तर रोजचे काम होते, आणि त्या काळची रॅम जुन्या बाजारात स्वस्तात मिळते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, तो म्हणजे आमचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. मराठी छपाईच्या व्यवसायात तर हे शब्दशः खरे आहे. वर्षानुवर्षांची पुस्तके, पत्रिका, दिवाळी अंक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आणि पेजमेकरच्या फाइलींत अडकून आहेत. तो फॉन्ट नसेल तर त्या मजकुराची अक्षरेही ओळखू येत नाहीत. अशा ठिकाणी मी लिनक्सचा आग्रह धरणार नाही. तिथे जुने विंडोज इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामापुरते ठेवावे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी कितीजण पेजमेकर वापरतात? युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लोहितसारखे देवनागरी फॉन्ट बहुतेक आवृत्त्यांत आयते मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स आवृत्ती भारतीय भाषा समोर ठेवून काढली. केरळच्या सरकारी शाळांत तर लिनक्सवर शिकवणे कित्येक वर्षे चालू आहे, आणि तिथली मुले काही अडून बसलेली नाहीत.

सुरक्षेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी कापतो. दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करण्यापेक्षा ताजे लिनक्स निश्चित बरे, मात्र आयएसओ मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा चेकसम जुळवून पाहावा. दुसरी बाजू अशी की ज्या युक्तीने तुम्ही स्वतःच्या बंद पडलेल्या विंडोजमधले फोटो काढून घेता, त्याच युक्तीने कोणीही तुमची डिस्क वाचू शकतो. विंडोजचा पासवर्ड विंडोज चालू झाल्यावर विचारला जातो, आणि पेनड्राइव्हवरून आल्यावर विंडोज चालूच झालेले नसते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर तो पासवर्ड कुलूप नसलेल्या दारावरची पाटी आहे.

राहिला विजेचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे, तेव्हा यंत्र टिकवण्याची बाजू भक्कम आहे. पण ती पेंटियम ४ ला लागू करता येत नाही. त्याच्या काही प्रोसेसरांची उष्णताच ११५ वॉटची, तर आजच्या साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॉटच्या आसपास. रोज आठ तास तो चालवणे म्हणजे पैसे वाचवल्याचे समाधान घेत वीजबिल भरणे. अशा यंत्राला पेनड्राइव्ह एकदाच लावावा, डिस्कवरचे सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे, उतरवलेले उघडते का ते तपासावे, आणि मग त्याच लाइव्ह लिनक्समधून संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून टाकावीत. नुसती फॉरमॅट केलेली डिस्क घेऊन बसणाऱ्याला आधार कार्डाची प्रत, पगाराच्या चिठ्ठ्या आणि लग्नाचे फोटो परत मिळवणे कठीण नसते. शून्ये लिहायला डिस्कच्या आकारानुसार काही तास लागतात. ते झाल्यावर यंत्र नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे, आणि रॅमच्या पट्ट्या त्याआधी काढून घ्याव्यात. त्याच काळातल्या दुसऱ्या कुणाच्या यंत्राला त्या बसू शकतात.