फुकटचं छप्पर? आधी भाडं कोण भरतं ते बघा

‘बेघर दारुड्यांना आयतं छप्पर दिलं की ते आणखीच पितात.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि तेही शिकल्यासवरल्या माणसांकडून, की आता आधी हिशेबच मांडतो.

१९७५ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, सिल्व्हर स्प्रिंग इथलं एक सरकारी पुनर्वसनगृह पैशांअभावी बंद होत होतं. तिथे राहणाऱ्या, दारू सोडलेल्या पुरुषांनी तेच घर भाड्याने घेतलं. हे पहिलं ‘ऑक्सफर्ड हाऊस’. आज अशी हजारो घरं आहेत. वॉर्डन नाही, पगारी माणूस नाही. भाडं आणि वीजबिल सगळे वाटून भरतात, म्हणजे कमवावं लागतंच. खजिनदार आपसांतून निवडतात आणि सहा महिन्यांनी बदलतात. नव्या माणसाला घ्यायचं तर ८० टक्के मतं हवीत. कुणी पुन्हा प्यायला तर मतदान, आणि लगेच बाहेर. आपल्या किती सोसायट्या इतक्या शिस्तीत चालतात?

तरी पटत नसेल, तर शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या लेनर्ड जेसन आणि सहकाऱ्यांचा २००६चा अभ्यास बघा. उपचार संपवून बाहेर पडलेले १५० जण. निम्मे ऑक्सफर्ड हाऊसमध्ये, निम्म्यांना नेहमीचा पाठपुरावा. दोन वर्षांनी नशा करणारे पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के, दुसऱ्यात ६५. पहिल्या गटातलेही बरेच घसरले, हे खरंच. पण छपराने माणूस बिघडतो म्हणणाऱ्यांनी दुसरा आकडा पुन्हा वाचावा.

‘महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला की बरा होतो.’ होतो ना, फाटकापर्यंत! घर नसलेला तिथून निघून त्याच पुलाखाली, त्याच गुत्त्याशेजारी पोचतो. ही घरं आहेत ती त्या मधल्या काळासाठी.

‘मनावर घेतलं की सुटते.’ रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येतात, भ्रम होतो, जीवही जातो. डॉक्टर हवाच.

‘आधी सोड, मग छप्पर.’ व्यसनमुक्त घराला ही अट रास्त, रात्रनिवाऱ्याला नाही. दारू न सुटलेल्यानेही फुटपाथवर का मरावं?

आणि आपल्याकडे ‘उपचार घेतच नाहीत हे लोक’ म्हणण्याआधी एम्सचं २०१९चं राष्ट्रीय सर्वेक्षण पाहा: दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.