संत्र्याच्या पेटीला फटी असतात

आपला संगणक, आपल्या हातानं : भाग 7

पांढुर्णा-सौंसरकडे ज्यांनी संत्र्याचा तोडा पाहिला आहे त्यांना लाकडी पेटी आठवत असेल. आता प्लास्टिकचे क्रेट आले. पण फळीफळीत बोटभर फट ठेवून ठोकलेली, आत तणस अंथरलेली ती पेटी माझ्या लहानपणी अंगणात थप्पीनं रचलेली असायची. तणस कशाला ते कळत होतं, फटी कशाला ते कळत नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "माल जिता असते. त्याले हवा लागते." झाडावरून तोडलेलं फळ श्वसन करतच राहतं, त्यातून थोडी थोडी उष्णता निघते, आणि ती बाहेर पडली नाही तर मधल्या थरातला माल आधी नासतो.

भाच्यासाठी कॅबिनेट निवडायला बसलो तेव्हा ती पेटी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होती.

भाचा नागपूरला इंजिनीअरिंग करतो. घर पांढुर्ण्याला. शनिवार-रविवारी गाडीनं येतो, आणि सुट्टी लागली की खोलीतलं सगळं सामान घेऊन येतो. त्याची मागणी सरळ होती : "मामाजी, बॅगेत मावन असं कॅबिनेट पायजे. पण गेम बी चालला पायजे." प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपण मागच्या दोन भागांत ठरवलं आहे, रायझन 5 7600 आणि आरटीएक्स 4060. प्रोसेसर 65 वॅट वर्गातला, कार्ड 115 वॅटचं. दोन्ही कमी खाणारी आहेत आणि लहान कॅबिनेटचा विचार त्यामुळेच शक्य होतो. 450 वॅटचं आरटीएक्स 4090 असतं तर हा भाग मी लिहिलाच नसता.

लहान कॅबिनेटचं माप लिटरमध्ये सांगतात. आतली जागा नव्हे, बाहेरची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. कूलर मास्टरच्या एनआर200 या कॅबिनेटचं माप 360 गुणिले 185 गुणिले 274 मिलिमीटर, म्हणजे 18.25 लिटर. नेहमीचं मिड-टॉवर 40 ते 50 लिटरचं असतं. लग्नाच्या मांडवात पाण्याचे 20 लिटरचे कॅन ठेवलेले असतात, तेवढ्या जागेत पूर्ण गेमिंग संगणक, असं म्हटलं की अंदाज येतो. मात्र हे 18.25 पाय आणि बाहेर आलेले भाग वगळून धरलेले आहेत. ते धरले तर माप 376, 185 आणि 292 होतं आणि आकडा 20.3 वर जातो. बॅगेला आणि टेबलाला हा दुसरा आकडा लागतो, जाहिरातीत पहिला असतो.

कॅबिनेट लहान होतं ते मुळात मदरबोर्ड लहान झाला म्हणून. इंटेलनं 1995 मध्ये आणलेला एटीएक्स बोर्ड 305 गुणिले 244 मिलिमीटरचा. मायक्रो-एटीएक्स 244 चा चौरस. तैवानच्या व्हीआयए कंपनीनं 2001 मध्ये मिनी-आयटीएक्स आणला, 170 चा चौरस, जवळजवळ वीतभर. तो तेव्हा गेमसाठी नव्हता, कमी ताकदीच्या छोट्या यंत्रांसाठी होता. पुढे लोकांनी त्याच चौरसावर मोठी कार्डं बसवली आणि हा सगळा छंद उभा राहिला. वीतभर बोर्डात रॅमच्या दोनच फटी आणि कार्डाची एकच. तरी तो बहुधा मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग पडतो. एसएमपीएसचंही तसंच. नेहमीचा 150 मिलिमीटर रुंद आणि 86 उंच, लहान कॅबिनेटमधला एसएफएक्स 125 रुंद आणि 63.5 उंच. तेवढ्याच वॅटला एसएफएक्सचे पैसे जास्त. म्हणजे कॅबिनेटची किंमत पाहून भुलू नये. लहान कॅबिनेट घेतलं की बोर्ड आणि एसएमपीएसही त्याच्यामागे महाग होतात. भाच्यानं हा हिशेब केला नव्हता. मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण हट्ट राहिला. गाडीनं ये-जा करणाऱ्या मुलाचा तो हट्ट मला पटतो.

आम्ही तीन कॅबिनेटं समोर ठेवली. फ्रॅक्टल डिझाईनचं टेरा, 10.4 लिटर. एनआर200पी, 18.25 लिटर. आणि लिआन ली व डॅन यांचं ए3-एमएटीएक्स, 26.3 लिटर. नागपुरात बर्डीवर मोठी कॅबिनेटं काचेच्या मागे झगमगत मांडलेली असतात, पण ही लहान कॅबिनेटं बहुधा मागवावी लागतात, हाताळून पाहायला मिळत नाहीत. म्हणून वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आम्ही तिन्हींच्या बाहेरच्या मापाच्या रिकाम्या पेट्या केल्या. एका रविवारी दुपारी एवढंच काम. टेराची पेटी बॅगेत कपड्यांसकट गेली. एनआर200ची गेली, पण कपडे निम्मे काढावे लागले. ए3ची चेन लागलीच नाही. हा पुठ्ठ्याचा प्रयोग प्रत्येकानं करावा असं मी आग्रहानं सांगेन. स्क्रीनवर सगळीच कॅबिनेटं लहान दिसतात.

बॅगेनं टेराला कौल दिला होता. दिसायलाही ते देखणं आहे, पुढे अक्रोडाच्या लाकडाची पट्टी आहे. भाच्याचा जीव त्यात अडकला. मला मात्र मे महिना दिसत होता.

कॅबिनेटची परीक्षणं आपण वाचतो, व्हिडिओ पाहतो, त्यात कार्डाचं तापमान 70 अंश, प्रोसेसरचं 75 अंश असे आकडे असतात. ते कुठल्या खोलीत मोजले? बहुतेक वेळा 20 ते 25 अंशांच्या. युरोप-अमेरिकेतल्या माणसाची ती रोजची खोली आहे. आमच्याकडे मेमध्ये बाहेर पारा 43-44 ला जातो आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी नुसत्या पंख्यावर 38 अंश सहज असतात. भाच्याच्या खोलीत भिंतीवरच्या तापमापकानं एका दुपारी 39 दाखवले.

आता नियम असा, आणि या भागातलं एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी पुरे. पंखा असो की पाण्याचा कूलर, तो भागाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त भाग आणि खोली यांच्यातलं अंतर कमी ठेवतो. म्हणून परीक्षणातून तापमान उचलायचं नाही, अंतर उचलायचं. 25 अंशांच्या खोलीत कार्ड 72 वर होतं, म्हणजे अंतर 47. तेच 39 मध्ये मिळवलं की 86. परीक्षक ज्याला उत्तम म्हणतो ते आमच्याकडे काठावर येतं. या पिढीतली कार्डं साधारण 83 अंशांच्या पुढे आपला वेग आवरू लागतात. 7600 प्रोसेसर 95 ला थांबतो. यंत्र जळत नाही, स्वतःला सांभाळून घेतं. पण ज्या फ्रेम्ससाठी पैसे मोजले त्या दुपारच्या गेममध्ये हळूच गळतात आणि पंखे किंचाळायला लागतात.

टेरामध्ये बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसतात, मध्ये एक कणा, जोडणी वाकणाऱ्या रायझर पट्टीनं. या मांडणीत कार्डाचे पंखे थेट बाजूच्या जाळीला लागून असतात, बाहेरची हवा त्यांना सरळ मिळते. ही जमेची बाजू आहे आणि ती मी भाच्याला प्रामाणिकपणे सांगितली. अडचण प्रोसेसरच्या बाजूला आहे. तिथे कूलरला जास्तीत जास्त 77 मिलिमीटर उंची मिळते, तीही कणा सरकवून, कार्डाची जागा कमी करून. एनआर200मध्ये जाळीचं पान लावलं तर 155 मिलिमीटर. म्हणजे दुप्पट. कूलरच्या पात्यांचं क्षेत्रफळ हीच उष्णता सोडायची जागा, आणि 39 अंशांच्या खोलीत तीच कामी येते. युरोपातल्या खोलीत बुटका कूलर चालून जातो, आमच्याकडे तो मार्चअखेरच दमतो. अगदी 155 चा कूलर मात्र घेऊ नये, पान दाबून बसवावं लागतं. 148 च्या आसपासचे टॉवर कूलर मिळतात, त्यांना श्वास घ्यायला जागा राहते.

रायझरबद्दल थोडं. जुन्या पिढीची पट्टी नव्या कार्डाला लावली की पडदा काळा राहतो, मग बायोसमध्ये जाऊन वेग खालच्या पिढीचा ठेवावा लागतो. आणि 2021 मध्ये एनझेडएक्सटी कंपनीचं एच1 हे छोटं कॅबिनेट अमेरिकेत परत मागवावं लागलं होतं. रायझरची पाटी धरून ठेवणाऱ्या स्क्रूंमुळे शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता. दोष एका रचनेतला होता, सगळ्या रायझरना तो चिकटवणं बरोबर नाही. पण दाटीच्या जागेत प्रत्येक स्क्रू कुठे टेकतो ते पाहावं लागतं, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे. एनआर200मध्ये कार्ड थेट बोर्डावर बसवता येतं, मध्ये पट्टी नाही. नवख्या हातासाठी मला ते बरं वाटतं.

मग आमच्या घराघरातला डेझर्ट कूलर. तो लावला की मेच्या कोरड्या हवेत त्याच खोलीत 39 चे 31 होतात, आणि वरच्या हिशेबानं कार्डही 86 वरून 78 वर उतरतं. कॅबिनेटमध्ये कुठलाही पंखा वाढवून एवढा फरक पडणार नाही. लोक विचारतात, ओल्या हवेनं संगणक खराब होत नाही का? दव धरतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, लोट्याला बाहेरून पाणी सुटतं तसं. चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. भीती आहे ती थेंबांची आणि क्षारांची. कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवलं तर टाट्यांतून उडणारे बारीक थेंब आत जातात, पाणी वाळतं, क्षार राहतो. म्हणून कूलर खोलीला लावा, कॅबिनेटला नको. समोरची खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर दमट हवा कोंडून कूलरच निकामी होतो. पेटीला फटी हव्यात तशा खोलीलाही हव्यात.

धूळ हा आमच्याकडचा दुसरा मोठा विषय. आणि नुसती धूळ नाही, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना माहीत आहे, हवेत रुईचे तंतू असतात. ते जाळीवर गादीसारखे बसतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये एक जाळी बंद झाली तर दुसरीकडून हवा येते, लहानात मोजकेच रस्ते असतात. आम्ही तळाला 120 मिलिमीटरचे दोन पंखे आत हवा ओढणारे लावले, वर एकच बाहेर सोडणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून हवा बाहेर जाते, धूळ फटींतून आत येत नाही, ती जाळीवरच अडकते आणि जाळी पुसता येते. हंगामात दर रविवारी. कॅबिनेटबरोबर काचेचं पान येतं, ते आम्ही खोक्यातच ठेवलं. काच बंद असते, जाळी उघडी असते. भाच्याला रंगीत दिवे दाखवायचे होते, त्याला वाईट वाटलं. मलाही त्याच्यासाठी वाटलं.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून 80-85 टक्क्यांवर आणायची. शेवटचा थोडा वेग मिळवायला कार्ड व्होल्टेज वाढवतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून ते टोक कापलं की उष्णता बरीच उतरते आणि फ्रेम्स थोड्याच जातात. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर गेमला 60 फ्रेम्सची मर्यादा घाला, त्यापुढच्या फ्रेम्स दिसतच नाहीत, नुसती खोली तापते. संगणक जेवढी वीज खातो तेवढी सगळी अखेर उष्णता होऊन खोलीतच येते. शांत बसलेलं माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतं. 250 वॅटचा गेम म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत अडीच माणसं जास्तीची बसलेली.

लाईन जाते तेव्हाही हा कमी वॅटांचा संसार उपयोगी पडतो. बाजारातला 600 व्हीएचा साधा यूपीएस सुमारे 360 वॅट पेलतो. आमचा संगणक मॉनिटरसकट त्यात बसतो, गेम साठवून नीट बंद करण्याइतकी मिनिटं मिळतात. काही एसएमपीएसना मात्र अशा यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर मानवत नाही, लाईन जाताक्षणी बंद पडतात. घेण्याआधी दुकानात प्लग काढून दाखवायला सांगा.

ए3चं काय? भाचा घरीच राहणारा असता तर मी डोळे मिटून तेच घ्यायला लावलं असतं. आठ लिटर जास्त दिले की मायक्रो-एटीएक्स बोर्ड, नेहमीचा एसएमपीएस, 165 मिलिमीटरचा कूलर, सगळं मावतं आणि एकूण खर्च उतरतो. सौंसरला, मोहगावला, कुठेही ज्याचं टेबल हलणार नाही त्यानं 26 लिटरच्या खाली उतरायचं कारण नाही. लहानपणाची किंमत हलवणाऱ्यानं मोजावी, न हलवणाऱ्यानं कशाला?

आम्ही एनआर200पी घेतलं. भरून आठ-नऊ किलोचं झालं. प्रवासाआधी ग्राफिक्स कार्ड काढायचं, कारण धक्क्यानं त्याचा सगळा भार बोर्डाच्या फटीवर येतो. कार्ड त्याच्याच खोक्यात, कपड्यांच्या मधोमध. टॉवर कूलरचंही वजन बोर्डाला लोंबकळतं, म्हणून कॅबिनेट बॅगेत आडवं ठेवायचं, बोर्ड खाली आणि कूलर उभा. आणि बॅग वरच्या फळीवर टाकायची नाही.

गेल्या रविवारी पांढुर्णा स्टेशनवर त्याला सोडायला गेलो. खिडकीची जागा मिळाली, बॅग मांडीवर घेतली. रिकाम्या जागेत कॅबिनेट हलू नये म्हणून बहिणीनं चारी बाजूंनी जुन्या साडीच्या घड्या खोचल्या होत्या, पेटीत तणस घालतात तशा. नागपूरला पोचल्यावर त्या आधी काढ आणि मगच बटण दाब, हे मी गाडी हलेपर्यंत त्याला तीनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात : अर्थिंग तपासायचं कसं.