मूत्रपिंडातील गाठ : रुग्णास सांगावे की नाही?

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही. लघवीतून वेदनेविना रक्त जाणे हे तिचे लक्षण. तथापि आज अनेक गाठी अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित आढळतात. स्वतःस धडधाकट समजणाऱ्या माणसास एकाएकी शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते. अशा वेळी नातेवाईक डॉक्टरांना बाजूस घेऊन विनवितात, “त्यांना काही सांगू नका.” त्यामागील माया खरी असते, परंतु कुजबुज रुग्णास कळतेच, आणि मग तो एकटाच भितो.

त्याची भीती पुष्कळदा निराळीच असते : एक मूत्रपिंड काढले की जन्मभर डायलिसिस! वास्तविक दुसरे मूत्रपिंड निरोगी असल्यास ते एकटेही पुरेसे ठरते. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर बहुधा तेवढाच भाग काढून मूत्रपिंड वाचविता येते. हे खाटेशेजारी बसून, घाई न करता सांगितले की रुग्ण विचारतो, “मग कामावर कधी जाऊ?”

रोग पसरलेला असेल तेव्हा हे बोलणे अवघड जाते. २००५ नंतर आलेल्या गोळ्यांनी व पुढे इम्युनोथेरपीने अनेकांचे आयुष्य वाढते, पण सर्वांचे नाही. जमिनीचे कागद, मुलीचे लग्न, एकदा गावी जाऊन येणे, हे त्या माणसानेच ठरवायचे असते. आणि त्यासाठी त्याला ते कळावे लागते.