घरचे पुस्तक आणि बाहेरचे उत्तर

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्ट. अमरावती शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली आणि काही दिवस इंटरनेट बंद ठेवण्यात आले. पुढे मे २०२३ मध्ये अकोल्यावरही तीच पाळी आली. अमरावतीच्या त्या दिवसांत खोलीवर अडकून पडलेल्या एका विद्यार्थ्याचा मला फोन आला. घरच्या कापसाच्या वेचणीचा हिशेब करणारा एक लहानसा प्रोग्रॅम तो लिहीत होता. म्हणाला, "सर, नेट बंद हाये ना जी. आता कसं करू?"

मी विचारले, "तुझ्या संगणकात पायथन आहे ना? मग पायथनचे पुस्तकही त्यातच आहे." पोरगा गप्प झाला. त्याला ते ठाऊकच नव्हते. आणि त्यात त्याची चूक नव्हती, माझी होती. मी मूळचा एम.ए. झालेला, भाषेचा मास्तर. संगणक मागाहून शिकलो आणि शिकवू लागलो. शब्दकोश कसा पाहावा हे मी वर्गात आवर्जून शिकवीत असे. पण प्रोग्रॅमिंगच्या वर्गात मात्र "अडलं तर नेटवर पाहा" एवढे सांगून मोकळा होत होतो.

प्रत्येक संगणक-भाषेचे एक संदर्भपुस्तक असते. त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. कोणती आज्ञा काय करते, तिला काय द्यावे लागते आणि ती काय परत देते, हे त्यात लिहिलेले असते. ही रीत जुनी आहे. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीचे पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाले. आजही लिनक्सच्या संगणकावर 'मॅन' हा शब्द आणि पुढे आज्ञेचे नाव टाकले की तिचे पान उघडते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

आता त्या मुलाची अडचण पाहू. त्याच्याकडे वजनांची एक ओळ होती : ४२, ३८, ४५, अशी मध्ये स्वल्पविराम देऊन आणि जागा न सोडता लिहिलेली. ती ओळ तोडून वजने सुटी करायची होती. तोडण्याची आज्ञा 'स्प्लिट' हे त्याला माहीत होते, पण ओळ काही तुटेना. मी फोनवरून सांगितले, "पायथन सुरू कर. तीन बाणांची खूण दिसेल, तिच्यापुढे हेल्प लिही. मग कंस, कंसात एस-टी-आर, टिंब, स्प्लिट." त्याने केले. पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. तो अडखळत वाचू लागला आणि मी अर्थ विचारू लागलो. तिथे लिहिले होते की विभाजक कोणता ते सांगता येते. न सांगितल्यास कोऱ्या जागेवर तोडले जाते. पोरगा तिथेच थांबला. "सर, माह्या ओळीत कोरी जागाच नाही! स्वल्पविराम सांगा लागते." उत्तर त्याला सापडले होते, आणि ते मी दिलेले नव्हते.

पुढे बेरीज होईना. कारण तुटलेले तुकडे पायथनच्या लेखी अंक नव्हते, अक्षरे होती. या वेळी मला सांगावे लागले नाही. त्याने 'इंट'ची माहिती स्वतः उघडली, तुकड्यांचे अंक केले आणि हिशेब जुळवला.

आता एखादे शिक्षक म्हणतील, "अहो, नेट काय रोज बंद असते का?" खरे आहे, नसते. पण घरच्या पुस्तकाचा आणखी एक गुण आहे. संगणकातील 'हेल्प' त्याच संगणकातील पायथनविषयी बोलते. बाहेरच्या उत्तराचे तसे नाही. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट' लिहून पुढे कंस न देता मजकूर दिला तरी चालत असे. तिसऱ्या आवृत्तीत कंस हवाच. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, पण तिच्या काळातली उत्तरे नेटवर अजून आहेत. नवशिका ती जशीच्या तशी उतरवतो, चूक येते, आणि त्याला वाटते की आपल्याला हे जमणारच नाही. असे किती तरी विद्यार्थी आपण गमावतो.

मग ऑनलाइन पाहूच नये काय? तसे मुळीच नाही. घरच्या पुस्तकाची एक मोठी अडचण आहे : त्यात शोधायला शब्द माहीत असावा लागतो. "ओळ तोडायची आहे" एवढेच ज्याला कळते, 'स्प्लिट' हे नाव ज्याने ऐकलेले नाही, त्याला 'हेल्प' काय मदत करणार? तिथे ऑनलाइन शोध उपयोगी. मोडक्यातोडक्या शब्दांत, अगदी मराठीतही विचारता येते. आजकाल तर विचारले की आख्खा प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. म्हणून मी वर्गात एक नियम केला आहे. शब्द माहीत असेल तर आधी घरचे पुस्तक उघडा. माहीत नसेल तर बाहेर विचारा, पण तिथून शब्द घेऊन घरी परत या आणि आपल्या पुस्तकात तो पडताळून पाहा.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे बालपणीचे शिक्षण अमरावतीचे. त्यांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. तो कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा अशी अपेक्षा नसते. हवे ते पान काढता आले पाहिजे. आपले शेतकरी बांधवही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची 'कृषी संवादिनी' अशीच पाहतात. पीक कोणते, अडचण कोणती, तेवढेच पान उघडतात. प्रोग्रॅमिंगला निराळी विद्या लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी खर्च नाही. पायथनचे संपूर्ण संदर्भपुस्तक अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. एकदा जिथे नेट चांगले असेल तिथे ते पेनड्राइव्हवर घ्या आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर ठेवा. शाळेतल्या पायथनची आवृत्ती आणि पुस्तकाची आवृत्ती एकच आहे ना, तेवढे पाहा. दुसरे, प्रत्येक तासाला दहा मिनिटे राखून ठेवा. एक आज्ञा सांगा आणि मुलांनाच तिचे पान काढून वाचू द्या.

इंग्रजीची धास्ती वाटते हे मला ठाऊक आहे. पण या पानांवर तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'रिटर्न' म्हणजे परत देणे, 'डिफॉल्ट' म्हणजे न सांगितल्यास धरले जाणारे, 'ऑप्शनल' म्हणजे दिले नाही तरी चालेल असे. अशा पंचवीस-तीस शब्दांचा मराठी तक्ता करून भिंतीवर लावा. महिनाभरात मुले त्याच्याकडे पाहीनाशी होतात, हा माझा अनुभव आहे.

त्या मुलाने संचारबंदी उठल्यावर मला हिशेब आणून दाखवला. बेरीज बरोबर होती. मी त्याला शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांना पहिली गोष्ट शिकवली ती 'हेल्प' लिहिण्याची. ती मी पहिल्याच दिवशी शिकवायला हवी होती. आपण उशीर करू नये, एवढीच विनंती.