बदली चिपचे सोळा पाय

एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलेला ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक आजही अनेक जण जपून वापरतात. त्यातला झेड-८० प्रोसेसर सहसा ठणठणीत असतो, कीबोर्डखालचा पापुद्रा नवा मिळतो. दगा देतात त्या स्मृतीच्या चिप. पहिल्या १६ किलोबाइटसाठी या यंत्रात ४११६ क्रमांकाच्या आठ चिप आहेत. प्रत्येक बाइटचे आठ बिट या आठ जणींत वाटलेले, त्यामुळे एक जरी बिघडली तरी प्रत्येक बाइट नासतो. ४११६ आता कोणी बनवत नाही. जुन्या साठ्यातल्या मिळतात, पण त्यांचेही वय तेवढेच. म्हणून दुरुस्ती करणारे तिच्या जागी पुढच्या पिढीची ४१६४ बसवतात. दोन्हींना सोळाच पाय, पायांमधले अंतरही सारखे. मात्र काहीही न बदलता ४१६४ तिथे बसवली, तर तिला झेपणार नाही इतका विद्युतदाब तिच्यावर येतो आणि ती निकामी होते.

हे का होते, हे कळायला चिपच्या आत डोकावायला हवे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर पुरतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार गळक्या रांजणातल्या पाण्यासारखा झिरपून जातो, म्हणून तो सतत पुन्हा भरावा लागतो. ४११६ मध्ये अशा पेशींच्या १२८ ओळी असतात आणि प्रत्येक ओळ दर दोन मिलिसेकंदांत एकदा तरी ताजी करावी लागते.

या चिपमध्ये १६,३८४ पेशी आहेत. त्यातली एक नेमकी गाठायला १४ बिटांचा पत्ता लागतो. चौदा पाय नुसत्या पत्त्यावर खर्च केले तर चिप केवढी मोठी होईल! ‘मॉसटेक’ या अमेरिकी कंपनीने १९७० च्या दशकात यावर सुंदर तोड काढली. पत्ता दोन हप्त्यांत पाठवायचा, आधी ओळ, मग स्तंभ. सात पायांवर काम भागले. या युक्तीची खरी गंमत पुढच्या पिढीत दिसली. पत्त्याचा एकच पाय वाढवला की ओळीही दुप्पट, स्तंभही दुप्पट, म्हणजे साठवण चौपट. ४१६४ मध्ये ६५,५३६ पेशी मावल्या त्या अशा.

पण हा आठवा पाय आणायचा कुठून? सोळाही पाय तर आधीच कामाला लागलेले. तो मिळाला वीजपुरवठ्यातून. ४११६ ला तीन प्रकारचे दाब लागतात. पाय १ वर उणे ५ व्होल्ट, पाय ८ वर अधिक १२ आणि पाय ९ वर अधिक ५. ४१६४ ला फक्त ५ व्होल्ट पुरतात. पायाभूत सिलिकॉनला लागणारा ऋण दाब ती स्वतःच्या पोटात तयार करते. त्यामुळे पाय १ मोकळा झाला, पाय ८ वर ५ व्होल्ट आले आणि पाय ९ हा पत्त्याचा आठवा पाय, ए७, झाला. म्हणजे जुन्या जागी जिथे १२ व्होल्ट येतात, तिथेच नवी चिप ५ व्होल्टची वाट पाहत असते.

यावरचा उपाय पाहून मन प्रसन्न होते. ४१६४ चे पाय १ आणि ८ हळूच बाहेर वळवायचे, म्हणजे ते सॉकेटमध्ये जाणारच नाहीत. मग बारीक तारेने पाय ८ पाय ९ ला जोडायचा. सॉकेटच्या नवव्या छिद्रात ५ व्होल्ट आहेतच. तिथूनच चिपला वीज मिळते. आणि ए७ या पायावर ५ व्होल्ट आले म्हणजे तर्काच्या भाषेत तिथे कायमचा ‘एक’ आला. पत्त्याच्या दोन्ही हप्त्यांत हा बिट बदलत नाही, म्हणून चिपचा नेमका चतुर्थांश वापरात येतो. ६५,५३६ चा चतुर्थांश १६,३८४, म्हणजे हव्या होत्या तेवढ्याच पेशी. काही ४१६४ चिपमध्ये २५६ ओळी ताज्या कराव्या लागतात. पण इथे वापरात १२८ च ओळी उरतात, त्यामुळे जुन्या यंत्राची १२८ ओळींची मोजणी आपोआप पुरते. बाकीचे सर्व पाय दोन्ही चिपमध्ये जागच्या जागी आहेत.

स्पेक्ट्रममध्ये याचा आणखी एक फायदा होतो. उणे ५ व्होल्ट गेले आणि १२ व्होल्ट चालू राहिले तर ४११६ चिप मरतात. एखादी चिप आतून शॉर्ट झाली की हे दाब तयार करणारा ट्रान्झिस्टर जळतो. तो बदलला तरी दोषी चिप तिथेच असल्याने नवाही जळतो. आठही चिप बदलल्या की हे दुष्टचक्र थांबते. रंगीत चित्र तयार करणाऱ्या भागाला १२ व्होल्ट लागतातच, म्हणून ते तयार करणारा परिपथ मात्र काढून टाकता येत नाही.

मोठ्या चिपचा तुकडाच वापरण्याची कल्पना स्पेक्ट्रमला परकी नव्हती. ४८ किलोबाइटच्या यंत्रात वरच्या ३२ किलोबाइटसाठी खुद्द स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीने ६४ किलोबिटच्या अशा चिप वापरल्या, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष ठरला होता. कोणता अर्धा भाग चांगला आहे, हे बोर्डावरच्या छोट्या जोडतारेने ठरवले जाई. किंमत कमी राखण्यासाठी केलेली ही तडजोड मला त्या यंत्रातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

हीच विद्या कायमस्वरूपी स्मृतीच्या म्हणजे रॉमच्या चिपलाही लागू पडते. कमोडोर ६४ या घरगुती संगणकातल्या आठ किलोबाइटच्या रॉमला २४ पाय, तर तेवढ्याच क्षमतेच्या २७६४ या पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपला २८. तिथे पाय वाकवून भागत नाही; पत्त्याच्या दोन तारांच्या जागाच वेगळ्या असल्याने मध्ये एक छोटी पट्टी घालावी लागते.

भारतातही स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती १९८० च्या दशकात ‘डेसिबेल्स’ या कंपनीने विकली होती, तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या माळ्यावर असे यंत्र असू शकते. सापडले तर ते भंगारात देऊ नका. बहुतेक स्पेक्ट्रममध्ये मूळ चिप थेट बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात. त्या जाणत्या हाताकडून काढून घ्या, जागी सॉकेट बसवून घ्या, आणि नवी चिप घालण्याआधी रिकाम्या सॉकेटच्या पाय १, ८ आणि ९ वरचे दाब मल्टिमीटरने मोजून पाहा.