उजव्या सीटवरून उडताना : काय बदलतं आणि काय नाही

बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर इथे वैमानिक व्हायला आलेली मुलं-मुली परवाना हातात पडेपर्यंतचे जवळजवळ सगळे तास डाव्या सीटवर काढतात. पुढे त्यांतले काही इन्स्ट्रक्टर होतात आणि उजवीकडे बसतात. एअरलाइनमध्ये गेलेले फर्स्ट ऑफिसर म्हणून उजवीकडेच बसतात आणि कॅप्टन होताना पुन्हा डावीकडे येतात. सीट बदलणं हा या व्यवसायातला नेहमीचा टप्पा आहे, तरी हँगरमध्ये आणि हॉस्टेलवर त्याबद्दल जे ऐकू येतं त्यातलं बरंच चुकीचं असतं. काही समज निरुपद्रवी आहेत. दोन-तीन मात्र जमिनीजवळ अंगाशी येऊ शकतात. इथे मी दोघं शेजारी-शेजारी बसतात असं सेस्ना 172 सारखं छोटं विमान डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

गैरसमज : डावीकडचा तो पायलट, उजवीकडचा तो को-पायलट.

सेस्ना 172 एका पायलटने उडवायचं विमान म्हणूनच प्रमाणित झालेलं आहे. त्यात को-पायलट असं पदच नाही. कमांड कोणाकडे हे उड्डाणाआधी ठरतं, बसण्याच्या जागेवरून नाही. नवख्या विद्यार्थ्याला घेऊन उडताना कमांड उजवीकडच्या इन्स्ट्रक्टरकडेच असते. शिवाय डावी बाजू हा सगळीकडचा नियमही नाही. टायगर मॉथ किंवा पायपर जे-3 कबमध्ये एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसतो. रॉबिन्सन आर-22 हे हेलिकॉप्टर एकट्याने उडवायचं तर उजव्या सीटवरूनच, असं बंधन त्याच्या पुस्तिकेत आहे.

गैरसमज : आपल्याकडे गाडीचं स्टिअरिंग उजवीकडेच असतं, आणि बहुतेक जण उजव्या हाताचे, मग हे सोपंच जाणार.

गाडीचा वेग पायाने सांभाळतात, विमानात थ्रॉटल हातात असतो, त्यामुळे ती सवय इथे कामाला येत नाही. डाव्या सीटवर डावा हात योकवर आणि उजवा थ्रॉटलवर. उजवीकडे बसलं की दोन्ही हातांची कामं बदलतात. उजव्या हाताला लिहिण्याची सवय असते हे खरं, पण योकवर त्याचा जोर जास्त पडतो आणि सुरुवातीला विमान उगाच वरखाली होतं. हे लवकर सुटतं. खरी भीती वेगळी आहे.

लँडिंग जमत नाहीसं दिसलं की गो-अराउंड करायचं, म्हणजे पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जायचं. शेकडो वेळा घोटलेली हालचाल अशी, की उजवा हात पुढे ढकलायचा आणि इंजिनने गर्जायचं. आता त्याच उजव्या हातात योक आहे. तो घाईत पुढे गेला तर पॉवर वाढणार नाही, नाक खाली जाईल, आणि तेही रनवेपासून काही फुटांवर. म्हणून उजव्या सीटवर गो-अराउंडचा सराव आधी उंचावर करावा, हात न चुकता बरोबर जायला लागेपर्यंत. लँडिंगच्या आधी हे व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच ठिकाणी ते होत नाही.

गैरसमज : लँडिंगला विमानाचं नाक रनवेच्या मध्यरेषेवर धरलं की झालं.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. सेस्ना 172 ची केबिन आतून जेमतेम मीटरभर रुंद. वैमानिकाचे डोळे विमानाच्या मध्यापासून साधारण पाऊण फूट बाजूला असतात. समोरचा स्पिनर, म्हणजे पंख्याच्या मधली टोपी, मात्र बरोबर मध्यावर. उजवीकडे बसलेल्याची नजर स्पिनरवरून पुढे गेली की ती रेषा तिरपी डावीकडे जाते. ती तिरपी रेषा रनवेच्या टोकाशी जुळवली तर विमानाचा अक्ष उजवीकडे वळलेला राहतो. डाव्या सीटवरची जुनी सवय यात भर घालते. तिथे स्पिनर थोडा उजवीकडे दिसायचा, तोच देखावा इथे शोधला की नाक आणखी उजवीकडे वळतं. अशा अवस्थेत चाकं टेकली की टायर आणि लँडिंग गिअरवर आडवा ताण येतो. पुढे चाक असलेलं विमान झटका देऊन सरळ तरी होतं; शेपटीला चाक असलेलं भोवऱ्यासारखं फिरू शकतं.

उपाय साधा आहे. स्पिनर विसरायचा. आपल्या डोळ्यांच्या अगदी सरळ समोर काउलिंगवर जो बिंदू येतो, एखादा स्क्रू किंवा पत्र्याचा सांधा, त्यावरून पुढे जाणारी नजर विमानाच्या अक्षाला समांतर असते. तो धरायचा. हा बिंदू हवेत शोधू नये. लांब, सरळ टॅक्सीवेवर पुढचं चाक मध्यरेषेवर आणून, विमान सरळ उभं करून थांबावं. ओळ कुठून येते, क्षितिजाशी काउलिंग कुठे मिळते, हे नीट पाहून घ्यावं. काही जण काचेवर पुसता येणाऱ्या पेनने ठिपका काढतात. सीटची उंची दर वेळी तीच ठेवली तर तो उपयोगी पडतो. मग सावकाश टॅक्सी करत ओळ आपल्या दोन पायांच्या मधून जाते आहे असं धरून चालवावं. पाऊण फुटाच्या फरकाने रनवेवर काही बिघडत नाही. नाक तिरपं असण्याने बिघडतं.

गैरसमज : वळणं दोन्ही बाजूंना सारखीच दिसतात.

डाव्या सीटवरून डावं वळण घेताना वैमानिक विमानाच्या अक्षाच्या खाली जातो, त्यामुळे नाक वर उचलल्यासारखं दिसतं. उजव्या वळणात ते खाली गेल्यासारखं वाटतं. उजव्या सीटवर हे उलटं होतं. डाव्या वळणात नाक पडल्याचा भास होतो आणि हात आपोआप योक मागे ओढतो. जिथे वेगळी सूचना नाही तिथे सर्किट डाव्या हाताचंच असतं. म्हणजे बेसवरून फायनलला येणारं, कमी उंचीवरचं आणि कमी वेगाचं वळण नेमकं डावीकडचं. तिथे भासावर विसंबून ओढत राहिलं तर वेग पडतो आणि विमान स्टॉलच्या दिशेने जातं. फ्लॅप पूर्ण असताना 172 एस चा नेहमीचा अप्रोच वेग 60 ते 70 नॉट आहे; त्यात उधळायला फारसं काही नाही. समोरचाच बिंदू क्षितिजाशी धरला तर भास उरत नाही, आणि वेगाच्या काट्यावर नजर फिरत राहायलाच हवी.

सर्किटमध्ये आणखी एक अडचण येते. डाउनविंडवर रनवे पंखाच्या आधारदांड्याच्या अमुक भागाशी दिसला की अंतर बरोबर, असं डाव्या सीटवर शिकवतात. उजवीकडून रनवे शेजाऱ्याच्या पलीकडे असतो, त्यामुळे ती खूण उपयोगाची नाही आणि सर्किट फार जवळचं किंवा फार लांबचं पडतं. जमिनीवरच्या ओळखीच्या खुणा, एखादा रस्ता किंवा तलाव, आधीच ठरवून ठेवाव्यात.

गैरसमज : सीट बदलली की रडरही उलटा लागतो.

नाही. कॉकपिटमधून पाहताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि पूर्ण पॉवरला, वेग कमी असताना विमान डावीकडे ओढलं जातं ते कोण कुठे बसलं आहे यावर अवलंबून नसतं. टेकऑफला उजवाच रडर. आडव्या वाऱ्यातही वाऱ्याकडचा पंख खाली आणि विरुद्ध रडर, हेच. एकट्याने उजवीकडे बसलं तर विमान कलंडेल ही भीतीही अनाठायी. पुढच्या दोन्ही सीटा पुढे-मागे एकाच ठिकाणी असल्याने वजनाचा हिशेब बदलत नाही आणि बाजूचा फरक किरकोळ असतो.

गैरसमज : सगळी उपकरणं दोघांना सारखीच दिसतात आणि सगळ्यांना हातही पोचतो.

जुन्या सहा तबकड्यांच्या पॅनेलमध्ये वेगमापक अगदी डावीकडे असतो. काटा तबकडीपासून थोडा उचललेला असल्याने तिरकं पाहिलं की वाचन चुकतं. सुरुवातीला डावीकडच्या व्यक्तीला आकडा विचारून दोन्ही वाचनं ताडून घ्यावीत. जी-1000 असलेल्या विमानात उड्डाणाचा मुख्य पडदा डावीकडे आणि नकाशाचा उजव्या सीटसमोर असतो, त्यामुळे नजरेला सतत मधलं अंतर ओलांडावं लागतं.

हात पोचण्याचं तर विमानागणिक वेगळं. सेस्ना 172 मध्ये मास्टर स्विच आणि इंजिनची किल्ली डाव्या टोकाला. पायपर पीए-28 मध्ये इंधनाची टाकी बदलायचा खटका डाव्या भिंतीवर, डाव्या सीटवरच्या गुडघ्यापाशी. इंजिन बंद पडल्यावर टाकी बदलायची असेल आणि शेजारी घाबरलेला विद्यार्थी असेल, तर तो खटका फार दूर असतो. पीए-28 च्याच जुन्या काही चेरोकींमध्ये पायाचे ब्रेक नाहीत, फक्त हाताचा लिव्हर. पीए-28 ला दरवाजाही एकच, उजवीकडे, म्हणून तिथे बसलेल्याने आधी उतरल्याशिवाय दुसऱ्याला बाहेर पडता येत नाही. हे सगळं उभ्या विमानात, इंजिन बंद असताना, हात लावून पाहायचं असतं.

इन्स्ट्रक्टर रेटिंगच्या तयारीत असाल, तर पहिल्या दिवशी लँडिंग मागू नका. आधी उभ्या विमानात बसायला वेळ मागा, मग टॅक्सी, मग उंचावरची वळणं आणि गो-अराउंड. लँडिंग त्यानंतर, शांत वाऱ्यात, आणि डावीकडे अनुभवी माणूस असताना. शेजारी विद्यार्थी बसवण्याआधी उजवी सीट तुमच्या पूर्ण अंगवळणी पडलेली असली पाहिजे, कारण त्याची चूक सावरायला तुम्हाला एक-दोन सेकंदच मिळतील.