सफाई कामगारांचे फोटो मंडईत लागावेत

सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. १९८८पासून मुंबईच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रकार. पुढे त्यांची छायाचित्रे मुंबई-दिल्लीच्या कलादालनांतून मालमो, लिस्बन, ॲमस्टरडॅम, वॉशिंग्टन, ढाका असा प्रवास करून आली. २०१६ साली पद्मश्री मिळाली. वऱ्हाडातल्या माणसाची ही वाटचाल आम्हा गडचिरोलीकरांनाही आपलीच वाटते.

त्यांचे नाव झाले ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरच्या कामामुळे. वर्तमानपत्रातला फोटो दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. ओलवे मात्र बातमी छापून झाल्यावरही त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे जात राहिले. मॅनहोलमध्ये उतरलेला कामगार, अंगावर मैला, हातात मोजे नाहीत, नाकातोंडावर फडकेसुद्धा नाही. सगळे कृष्णधवल, रंगांची सोय नाही, त्यामुळे नजर चुकवायलाही जागा उरत नाही. हे कामगार बहुतेक दलित. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे बापाच्या जागी वारसाला नोकरी मिळते. घराला आधार होतो, पण झाडूही पुढच्या पिढीच्या हाती येतो. या छायाचित्रांतली माणसे पाहताना ही दोन्ही सत्ये एकदम समोर उभी राहतात.

मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. पुढे तिथल्या गच्चीवरचे दालन आणि एनसीपीएचे पिरामल दालन ही छायाचित्रकारांची हक्काची ठिकाणे झाली. पण दालनाचा गाडा विक्रीवर चालतो आणि गटारात उतरलेला माणूस दिवाणखान्याच्या भिंतीवर कोण टांगणार? असे काम तिथे पोचले आणि टिकले, हेच माझ्या मते ओलवेंचे सर्वांत मोठे यश.

ओलवे मुंबईत फोटो काढत होते, त्याच सुमारास आमचा गडचिरोली जिल्हाही घडत होता. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. तीन चतुर्थांश जंगल. फोटो आमचेही भरपूर निघाले. रेला नाचणाऱ्या माडिया मुली, भूसुरुंगाने उडालेल्या गाड्या, शेजारच्या ताडोब्यातले वाघ. फोटो काढणारे आले, काढून घेऊन गेले. ज्यांचे काढले, त्यांतल्या किती जणांना ते पाहायला मिळाले?

प्रेक्षक नाहीत, ही सबब इथे चालणार नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटके लोक तिकीट काढून रात्रभर बघतात. त्याच मंडपाच्या कनातीला फोटो टांगता येतात; फ्रेम, काच, एसी काही लागत नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११पासून गडचिरोलीत आहे. त्यांनी आणि नाटक मंडळांनी मिळून येत्या हंगामात एवढे करावे: ओलवेंना बोलवावे, सफाई कामगारांची छायाचित्रे मंडईत लावावीत आणि उद्घाटनाची फीत नगरपरिषदेच्या सफाई कामगाराच्या हातून कापावी.